तिसऱ्या अंकातली भाकर

ईरा आणि अद्वैत,

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही एका बैठकीत वाचून टाकलं असतं. मला इंग्रजी येतं, नोकरीभर तेच शिकवलं. तरी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. अडखळत वाचा, अडलं तर आईला विचारा, आणि तिलाही अडलं तर मला फोन करा. मला तेवढंच हवं आहे.

परवा छोट्या आबांची, माझ्या धाकट्या दिरांची, तेरवी झाली. त्यांच्या जाण्याची बातमी ग्रुपवर आली तेव्हा ईराने लिहिलं होतं की छोटे आबा हे आबांचे बेस्ट साइडकिक होते. खाली लाल हृदय. अद्वैतने त्याला अंगठा दिला. तुम्ही प्रेमानेच लिहिलं, हे मला कळतं. दिवाळीच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही पुस्तकांतल्या आणि सिनेमांतल्या साइडकिकांची क्रमवारी लावत होता आणि मला गुण द्यायला बसवलं होतं. मीही चष्मा पुसून मन लावून गुण दिले. तेव्हा आता तक्रार करायचा हक्क मला नाही, असं तुम्ही म्हणाल. आहे. छोट्या आबांसाठी तो शब्द मला मान्य नाही. का नाही ते सांगायचं तर आधी मला त्यांच्याशीच बोलायला हवं, कारण याच विषयावरचा आमचा वाद अर्धवट राहिला आहे. तुम्ही शेजारी बसा आणि ऐका.

भाऊजी,

हा शब्द मी तुम्हाला एकदा समजावून सांगितला होता, आठवतं? नायकाच्या बाजूला राहतो, त्याच्या कामाला येतो, पण गोष्ट त्याची नसते. तुम्ही मेथीची जुडी गुडघ्यावर आपटून सारखी केली आणि म्हणालात, "हं. म्हंजे त्याले किक मारली का नायकाची गाडी सुरू होते." मी हसले नाही. वर्गात असं कोणी बोललं तर मी हसत नसे, तीच सवय. पण पुढे जितक्या कादंबऱ्या शिकवल्या त्या प्रत्येकीत मला ती किक दिसत राहिली. इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपल्या नाचणगावच्या ओसरीवरच्या त्या संध्याकाळी. मळ्यातून आलेली मेथी, पालक, सांभार ओल्या गोणपाटावर पसरलेली. सांभार म्हणजे मुलांनो, तुमची कोथिंबीर. सकाळच्या बाजाराला जुड्या तयार हव्यात म्हणून सगळं घर बसलेलं. तुमचे दादा मुळं छाटत, तुमची सिंधू मुठी करून देई, तुम्ही बांधत. मला जुडी कधी नीट बांधता आली नाही. माझी जुडी वर्ध्याच्या बाजारात पोचेपर्यंत सुटते, असा तुमचा आरोप होता. म्हणून मला काम दिलं होतं गोष्ट सांगायचं. शाळेत जी कादंबरी चालू असेल ती मी मराठीत सांगायची. रोज एक प्रकरण.

प्रकरण संपलं की तुमचा प्रश्न ठरलेला. "वयनी, त्या दोस्ताचं काय झालं?"

नायकाचं लग्न व्हायचं, वारसा मिळायचा, शत्रू बुडायचा, आणि तुम्ही विचारायचे दोस्ताचं. मी म्हणायची, पुस्तकात दिलेलं नाही. तुम्ही म्हणायचे, मंग तुम्ही सांगा नं. मी सांगत नसे. लेखकाने जे लिहिलं नाही ते मी माझ्या पदरचं घालायचं नाही, हा माझा नियम होता. तुम्हाला तो कंजूषपणा वाटे. "एवढं मोठं पुस्तक लिहिलं अन् त्या मानसाले घरी पोचवलं नाई," असं पुटपुटत तुम्ही पुढची मूठ उचलायचे.

रविवारी बाजार आटोपून आपण चौघं पुलगावच्या टॉकीजला जात असू. परतताना वाद. तिथे तुमच्या त्या दोस्तांची अवस्था पुस्तकांहून वाईट होती. हिंदी सिनेमात तो मध्यंतराच्या आधी मरायचा. मारामारीत गोळी नायकाकडे निघायची आणि पोचायची त्याच्याकडे. मराठीत तो मरत नसे, पण एकतर लठ्ठ असे नाहीतर तोतरा, आणि थिएटर हसावं म्हणून दर दहा मिनिटांनी चिखलात पडत असे. नायिकेच्या मैत्रिणीला गाण्याचं एक कडवं आणि चिठ्ठी पोचवायचं काम. खलनायकाच्या माणसाला तर मान हलवण्यापलीकडे काही नाही, आणि रागाच्या भरात मालकच त्याला आधी मारी. तुम्ही या सगळ्यांना एकच परीक्षा लावली होती.

"त्याले जेवताना दाखवलं का?"

मी म्हणायची, ही काय परीक्षा झाली? तुम्ही म्हणायचे की ज्याला भूक लागते त्याला घर असतं, घरात कोणी वाट पाहत असतं, मग त्याला असा फुकट मारता येत नाही. म्हणून लिहिणारे त्याला उपाशी ठेवतात. तुमच्या हिशेबाने त्या सगळ्या सिनेमांत पास झाला तो एक घोडा. "त्याले चने त देल्ले."

माझी परीक्षा वेगळी होती आणि मी ती अजून सोडलेली नाही. गोष्ट सांगतो कोण, ते पाहावं. इंग्रजी रहस्यकथांत हुशार माणसाबरोबर एक साधा माणूस फिरतो, प्रत्येक वेळी चकित होतो, आणि शेवटी तोच सगळं लिहून काढतो. तो गप्प बसला असता तर त्या हुशार माणसाला कुत्र्यानेही ओळखलं नसतं. म्हणजे खरा धनी तोच. हे मी तुम्हाला कितीदा पटवलं. तुम्ही ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "लिहिते त लिहिते. पन जेवते कधी?"

आता आपल्या नाटकाकडे येते. पळवाट नाही.

गावाला दरवर्षी दिवाळीनंतर थंडीत नाटक करायचं होतं आणि सून मास्तरीण म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. राजपुत्राचं राज्य काका बळकावतो. राजपुत्राचा लहानपणचा मित्र दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याचा शेला पांघरून त्याच्या जागी उभा राहतो आणि त्याच्यासाठी आलेला खंजीर आपल्या पोटात घेतो. राजपुत्र त्या प्रेतावर हात ठेवून सुडाची शपथ घेतो. तिसऱ्या अंकात काका मरतो, सिंहासन परत मिळतं. तीन अंक, नेटके. राजपुत्र तुमचे दादा. मित्र तुम्ही. त्या मित्राला मी नावही दिलं नव्हतं, संहितेत फक्त 'मित्र' असं होतं. तुम्ही एकदा म्हणालात, "वयनी, बकरीलेही नाव ठेवते मानूस." मी म्हटलं, नाटकाला गरज नाही. लोकांनी प्रश्न परस्पर सोडवला. ते तुम्हाला मंचावरही देवरावच म्हणत.

तुमचं मरण गावाला फार आवडे. शहरात गाण्याला वन्स मोअर मिळतो, आपल्याकडे मरणाला मिळायचा. तुम्ही खंजीर खाऊन पडलात की मैदान ओरडे, आणि तुम्ही उठून, कपडे झटकून, परत खंजीर खाऊन पडायचे. एखाद्या वर्षी पुन्हा. दादा तोवर शपथेच्या तयारीत हात पुढे करून उभे.

आणि मग ते वर्ष. मी नेहमीप्रमाणे विंगेत, संहिता मांडीवर. खंजीर आला. तुम्ही पडला नाहीत. मला वाटलं विसरलात. मी हळूच म्हटलं, पडा. तुम्ही उभेच. मी जरा मोठ्याने म्हटलं, "भाऊजी, पडा." पहिल्या रांगेला ते ऐकू गेलं आणि लोक हसले. तुम्ही विंगेकडे वळलात, हात जोडलेत आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणालात, "नाई पडत, वयनी. यंदा नाई मरत मी."

मागून कोणीतरी विचारलं, "मंग काय करतं रे देवराव?"

"जेवतो," तुम्ही म्हणालात.

आणि खाली मांडी घातलीत, शेल्याच्या गाठीतून फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर काढलीत, वर मिरचीचा ठेचा, आणि राजवाड्याच्या मधोमध जेवायला लागलात. दादांना शपथेशिवाय पुढचं काही येत नव्हतं. त्यांनी सुरुवात केली, मित्रा, तुझ्या या सांडलेल्या रक्ताची... तुम्ही तोंडात घास असतानाच म्हणालात, "कोनाचं रक्त? मी त अठीच हाओ." मैदान हसून कोसळलं. दादांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग, भाऊजी, ते खाली बसले आणि त्यांनी तुमच्या भाकरीतली अर्धी मोडून घेतली. ते मी लिहिलेलं नव्हतं. तुम्ही दोघं भाऊ रोज मळ्यात धुऱ्यावर, बांधावर, जसे बसायचे तसेच बसला होतात.

तिसरा अंक सुरू झाला तरी तुम्ही जेवतच होतात, आणि त्याचा मग पार विचका झाला. मित्र मेला नाही, म्हणून सूड नाही, म्हणून काकाला मारायला कारण नाही. काकाचं काम करणारा बिचारा मरायला तयार उभा होता. शेवटी त्याने मुकुट काढून दादांच्या हातात दिला आणि प्रेक्षकांतून वाट काढत आपल्या घरी निघून गेला.

मी संतापले होते. लिहिलेलं नाटक ठरल्यासारखं व्हावं, एवढीच माझी मागणी होती आणि ती आजही बरोबर आहे. मित्र मेला नाही तर तिसरा अंक ढिला पडतो, हे नाटकाचं गणित आहे, त्यात माझी मर्जी नाही. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं की हे ठरवून केलंत का. तुम्ही म्हणालात, अचानक सुचलं. मग भाकर कुठून आली? तबलजीच्या डब्यातून घेतली. मला ते खोटं वाटलं, पण तुम्ही त्यापुढे एक शब्द बोलला नाहीत. त्या अख्ख्या हंगामात मी ओसरीवर गोष्ट सांगितली नाही. तुम्ही जुड्या बांधत राहिलात. सिंधू खाली मान घालून मुठी करत राहिली. मला तेव्हा वाटलं, तिलाही तुमचं वागणं पटलेलं नाही.

पुढल्या वर्षी मी विंगेत म्हटलं, पडा. आणि मला उत्तर मैदानाने दिलं. "नाई पडत." बायका, म्हातारे, सगळे एका सुरात. एक बाई पदराखालून फडकं काढत मंचापाशी आली आणि तुमच्यासमोर भाकर ठेवून परत जाऊन बसली. त्याच्या पुढल्या वर्षी दुसऱ्या घराची. मग पाळी लागली. कोणाची ज्वारीची, कोणाची कळण्याची, कोणी सोबत वांग्याचं भरीत धाडलं, कोणी झुणका. ज्या घरची पाळी असे त्या घरचं माणूस पहिल्या रांगेत बसे. एका वर्षी आपण महामार्गावरच्या जाम गावाला नाटक नेलं तेव्हा तिथे कोणाला ही रीत ठाऊक नव्हती. तुम्ही मांडी घालून बसलात, भाकर नाही. एक ट्रकवाला उठला, रस्त्याकडेच्या ढाब्यावर गेला आणि रोट्या घेऊन आला. आम्ही सगळे थांबलो होतो. तुम्ही त्यालाही मंचावर बसवून घेतलंत.

तुमचा एक नियम होता. आपल्या घरची भाकर चालायची नाही. घरची त रोजच खातो, असं तुम्ही म्हणायचे. सिंधू त्यावर हसायची. मला वाटे, वर्षातून एक दिवस चुलीपासून सुटका म्हणून हसते.

मी संहिता बदलली नाही. कागदावर मित्र अजूनही मरतो. मी दरवर्षी विंगेतून इमानाने 'पडा' म्हणत राहिले. तुमचे दादा गेल्यावरही नाटक थांबलं नाही. राजूने राजपुत्र घेतला. राजू म्हणजे मुलांनो, आपल्या शेजारच्या मळ्यातला, वर्ध्याला भाजीचा गाळा असलेला, आता मंडळाचा अध्यक्ष. दादांच्या जागी तो उभा राहिला त्या वर्षी भाकर मोडताना तुमचा हात थांबला होता. मी विंगेतून पाहिलं. मग तुम्ही अर्धी राजूपुढे धरलीत.

आणि आता कोणी 'पडा' म्हटलेलं नसताना तुम्ही पडलात, भाऊजी. हे मात्र मला चालणार नाही.

तुम्ही गेल्यावर चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तुमचं नाव बारीक आणि खाली तुमच्या नावाहून मोठ्या अक्षरांत 'कै. यशवंतरावांचे धाकटे बंधू'. कडेने शोकाकुल मंडळींचे हसरे फोटो. पोरांना वाटलं, मोठ्या माणसाचं नाव आलं म्हणजे मान झाला. मी काठी टेकत चौकात गेले आणि तो उतरवायला लावला. पोरं म्हणाली, आजी, पैसे गेले. मी म्हटलं, जाऊ द्या. दुसऱ्या फ्लेक्सवर तुमचं नाव आहे, गावाचं नाव आहे आणि 'नाटकातील मित्र' एवढंच. फोटो एकच, तुमचा. तुमच्या भावाला मी सगळ्यांत जास्त ओळखत होते. त्यांनाही तो पहिला फ्लेक्स आवडला नसता.

लग्न होऊन नागपूरहून मी इथे आले तेव्हा इंग्रजी बोलणारी सून बघायला बायका कुडाच्या फटीतून डोकावत. माझ्या शाळेकडे जाणारी एसटी मोठ्या रस्त्यावरून जायची. तुम्ही मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून रोज तिथपर्यंत सोडायचे, कारण भाजीही त्याच बसने जायची. माझ्या मांडीवर मेथी. शाळेत मुली म्हणायच्या, बाईंच्या साडीला भाजीचा वास येतो. मला लाज वाटायची, आणि तुम्हाला ते कळलं होतं. एक दिवस मेथीच्या गाठोड्याखाली धुतलेलं पोतं घातलेलं होतं. आता मेथी निवडताना मी वास घेत बसते आणि सिंधू पाहून न पाहिल्यासारखं करते.

आता तेरवीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे झाली.

जेवणं आटोपली होती. मांडवात मंडळाची माणसं थांबली. राजू माझ्यासमोर येऊन बसला. डोळे लाल. त्याने हळू आवाजात योजना सांगितली. यंदाच्या नाटकात मित्र मरेल, मुळात लिहिलं होतं तसा. बाजूला तुमचा फोटो, हार, बासरीची धून, सगळं मैदान दोन मिनिटं उभं राहील. त्यानंतर पडदा. तिसरा अंक यंदा नको. तरुण पोरांनी माना डोलावल्या. त्यांच्या मते तो प्रसंग मोबाइलवर फार छान येईल.

"काकू, तुमचंच नाटक हाय," राजू म्हणाला. "तुम्ही त दरसाली तेच म्हनत होत्या. एकदा तुम्ही लिहिलं तसं करू. देवराव काकाले श्रद्धांजली होईन."

भाऊजी, इतकी वर्षं ज्यासाठी मी तुमच्याशी भांडले ते माझ्यासमोर ताटात वाढून आलं होतं. आणि मी नाही म्हटलं. त्याला कळेना. मी सांगितलं की वाद माझा आणि त्यांचा आहे. ते आता उत्तर द्यायला नाहीत म्हणून मी जिंकून घ्यायची नाही. राजू म्हणाला, पण ते वाक्य म्हणणार कोण? "नाई पडत" म्हणायला माणूस तसा लागतो. काकाच्या तोंडचं दुसऱ्या कोणाच्या तोंडी शोभायचं नाही, लोक रडतील नाहीतर हसतील. मी म्हटलं, मग मी विंगेत बसणार नाही. एका पोराने फार नम्रपणे सांगितलं की आजी, आता संवाद मोबाइलवर लावून ठेवता येतात. म्हणजे माझ्यावाचूनही अडत नव्हतं. मी हरत होते, आणि माझ्याबरोबर तुम्ही. एकदा तसा प्रयोग झाला की पुढल्या वर्षी तीच रीत पडली असती. श्रद्धांजली कोण मोडणार? मित्र दरवर्षी मरत राहिला असता आणि गाव दरवर्षी उभं राहिलं असतं.

सिंधू स्वयंपाकघराच्या दारात होती. ती कधी पुढे आली ते मी पाहिलं नाही.

"राजू, यंदा भाकर कोनाच्या घरची हाय?"

राजू गडबडला. म्हणाला, काकी, अजून ठरलं नाही.

"मंग माही."

"तुमच्या घरची चालत नाई नं, काकी. काकाचाच नियम होता."

"ते घरी होते तवा नियम होता. आता ते हायेत का घरी? मंग आता माहं घरही गावातलंच घर झालं. माही पाळी आली."

मग ती माझ्याकडे वळली. सिंधू माझ्याशी आयुष्यभर कधी मान वर करून बोलली नव्हती.

"ताई, पहिली भाकर माहीच होती. तबलजीची नव्हती. मीच बांधून देल्ली त्याहीच्या शेल्यात. दरसाली सारं गाव वन्स मोअर म्हने, अन् ते उठून पुन्हा मरत. मी दोन लेकरं घेऊन समोर बसलेली. पोरगी डोळे झाकून घे. मी म्हटलं, यंदा मरू नका. ते म्हने, वयनी चिडन. मी म्हटलं, चिडू द्या. पन जेवून घेजा."

मग राजूला म्हणाली, "ते एकदा गेले. आता पुन्हा काऊन मारता?"

भाऊजी, एक हंगामभर तुम्ही माझा अबोला सोसला आणि पुढे वर्षानुवर्षं माझे टोमणे. तिचं नाव एकदा घेतलं असतं तर सुटला असतात. घेतलं नाही. अचानक सुचलं, एवढंच म्हणत राहिलात. आणि ती समोर बसून मुठी करत होती, मी तिच्याच बाजूने तुम्हाला बोलते आहे असं समजत होते. माझा राग बरोबरच होता, पत्ता मात्र चुकला होता. म्हणजे मित्राच्या मागे आणखी कोणी होतं, आणि त्या माणसाला तर कोणत्या संहितेत 'मित्र' एवढीही जागा नव्हती. तुमची ती परीक्षा, तो जेवतो का, ती तरी तुमची होती का? की तीही तिची? हे आता मी सिंधूला विचारणार आहे, ओसरीवर, जुड्या बांधताना. तुम्ही नाही तर ती भांडेल माझ्याशी. मी सोडणार नाही.

राजूने डोळे पुसले. मग म्हणाला, "काकी, दोस्त मी बनतो यंदा. राजपुत्र काय, कोनीबी बनते."

सिंधू म्हणाली, ठेचा तिखट राहील, पाणी घेऊन बस. आणि आत गेली.

ईरा, अद्वैत, तुमच्या यादीतून छोट्या आबांचं नाव काढा. वरच्या क्रमांकावर न्या असं मी म्हणत नाही, काढाच. आणि त्यानंतर तुमच्या आवडत्या पुस्तकांतल्या, सिनेमांतल्या त्या बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला एकदा विचारा, की बाबा, तू जेवलास का, आणि तुझ्यासाठी कोणी बांधून दिलं का. उत्तर पुस्तकात नसेल. मग तुम्ही सांगा. मी सांगत नव्हते. तुम्ही सांगा.

भाऊजी, संहिता मी याही वर्षी बदललेली नाही. तिसरा अंक ढिला आहे तो आहेच. मी विंगेत बसेन आणि नेहमीच्या जागी 'पडा' म्हणेन, आणि नीट मोठ्याने म्हणेन. पुढचं गावाला ठाऊक आहे. भाकर आपल्या घरून जाईल. तिसऱ्या अंकात मित्र अजून जेवतो.